धबधब्याला जायचे तर दसऱ्यानंतर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की रविवारी बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या जांबोटी-चोर्ला रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते आणि पाठोपाठ धबधब्यांवरच्या बंदीची बातमी येते. बंदीवर चिडणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते जुलै-ऑगस्टमधली बंदी योग्यच आहे. तक्रार एवढीच, की पुढे जाण्याजोगा काळ येतो तेव्हा वाट कुठली, परवानगी कोणाकडे, हे सांगणारी साधी पाटीही जंगलाच्या तोंडाशी दिसत नाही.

बेळगावातले आभाळ पाहून निघणे ही पहिली चूक. याच रस्त्यावरच्या कणकुंबीच्या माथ्यावर शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो. तिथले पाणी मलप्रभेतून कृष्णेला जाते, तर जवळच उगम पावणाऱ्या महादयीचे पाणी पश्चिमेला समुद्राला मिळते. म्हणजे ओढा कोणत्याही बाजूचा असो, आपण उन्हात डोहाकाठी डबा उघडून बसलेले असताना वरच्या अंगाला पाऊस कोसळत असू शकतो. पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, यातले एक जरी जाणवले तरी सामान सोडून आहोत त्याच काठाने वर चढावे. परतीची वाट पलीकडे आहे म्हणून ओढा ओलांडायला धावणारेच बहुधा अडकतात. गुडघ्यावर पाणी असेल तर थांबावे. असे पाणी तासा-दोन तासांत उतरतेही.

पट्टीचे पोहणारेही धबधब्याखाली का बुडतात, हे मुलांना समजावून सांगायला हवे. धार पडते तिथल्या फेसात हवा मिसळलेली असते. ते पाणी अंगाला उचलून धरत नाही आणि वरून पडणारी धार खाली दाबत राहते. शिवाय धारेबरोबर दगड आणि ओंडकेही येतात. पोहायचेच तर धारेपासून लांब, तळ दिसतो तिथे.

दसऱ्यानंतर चित्र पालटते. सड्यावरचा, म्हणजे माथ्याच्या पठारावरचा, जांभा दगड सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी मुरते आणि पुढे बरेच दिवस झिरपत राहते. म्हणून ओढे वाहते राहतात, पण नितळ. परतीचा पाऊस मात्र दुपारी विजांसह येतो. सकाळी आठला चालायला लागावे आणि दुपारी दोनच्या आत जंगलाबाहेर यावे. नवख्यांनी आणि मुलांनी एका बाजूने तीन-साडेतीन किलोमीटरची वाट निवडावी. रमतगमत दीड तास लागतो. गवाळी आणि चापोलीच्या मधल्या डोंगरातला महादयीवरचा वज्रपोहा धबधबा पाहायला जाणाऱ्यांनी गावातला माणूस सोबत घ्यावा. गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की मोबाइलमधला नकाशा कामाचा राहत नाही, आणि रेंज तर त्याआधीच जाते.

चपला आणि गुळगुळीत तळव्याचे बूट घरी ठेवावेत. गमबूटही नकोत; ओढ्यात ते पाण्याने भरतात आणि पाय उचलत नाही. खोल खाचांचे साधे कॅनव्हासचे बूट पुरेत. खडकावरचे हिरवे शेवाळ दिसते तरी. वाळल्यासारखा वाटणारा काळा थर जास्त दगा देतो. उतरताना फांदीचा आधार घ्यायचा तर आधी हलवून पाहावी. नजरही टाकावी, कारण ओढ्याकाठच्या झुडपात हिरवा चापडा हा विषारी साप पानासारखा बसलेला असतो. आपल्या रुग्णालयांत मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी असते. चापड्यावर तिची भिस्त ठेवता येत नाही. चावलाच तर जखम कापू नये, करकचून बांधू नये, चावलेला हात किंवा पाय न हलवता दवाखाना गाठावा.

जळवांचा बाऊ मात्र उगाच होतो. तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवलेले मोजे घातले की त्या सहसा चढत नाहीत. चिकटलीच तर ओढून काढू नये. तोंडाच्या बाजूला नख सरकवून सोडवावी. रक्त थोडा वेळ वाहते, कारण तिच्या लाळेत ते गोठू न देणारे द्रव्य असते.

खरी काळजी गोचिडांची. चोर्ला घाटाखालच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि शेजारच्या दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप आढळला. गोचिडांच्या पिल्लांमुळे हा ताप साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत पसरतो. म्हणून आम्ही दसरा ते कार्तिक अखेर हाच काळ सुचवतो. पूर्ण बाह्या, विजार मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर न बसणे आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, इतके पाळावे. आठवडाभरात ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगावे. मेलेले माकड दिसले असल्यास तेही सांगावे. खाजकुयलीच्या शेंगाही याच सुमारास पिकू लागतात. त्यांची कुसे अंगाला लागली तर चोळू नये, चिकटपट्टीने उचलून काढावीत.

खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे, मग धबधबा कितीही जवळ असो. दूधसागरच्या रुळांवरून जाणाऱ्यांना जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. ती चित्रफीत सगळ्यांनी चवीने पाहिली, पण तेवढ्याने वाट कोणाला कळली नाही. वनखात्याने अभयारण्याच्या गाभ्याला धक्का न लावता कडेच्या एक-दोन वाटा दसऱ्यानंतर दीड महिना खुल्या कराव्यात. दिवसाला ठरावीक माणसे, दहा जणांमागे गावातला एक वाटाड्या, त्याची मजुरी प्रवेशशुल्कातून, आणि आत जाताना मोजलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या बाहेर येताना पुन्हा मोजायच्या. तोंडाशी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत पाटी असावी, कारण इथे खानापूरचे जितके येतात तितकेच चंदगड-कोल्हापूरचेही येतात. पाटीवर अंतर, परतण्याची वेळ, ११२ हा क्रमांक आणि रेंज मिळणारी सर्वांत जवळची जागा, एवढे लिहिले तरी चालेल.

आपले,
जंगलवाटा चालणारे काही वाचक,
खानापूर, जि. बेळगाव