वडिलोपार्जित लष्करी तलवारीच्या निष्काळजी मूल्यांकनाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मूल्यांकन विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज झालेले बोलणे हे माझ्या बाजूने शेवटचे आहे. यापुढे जे काही असेल ते लेखी व्हावे, म्हणून हे पत्र. आपला मूल्यांकन अहवाल मला मान्य नाही. पूर्ण शुल्क आगाऊ घेऊन आपण माझ्या पणजोबांच्या तलवारीची बोळवण ‘शोभेची जुनी तलवार, पोलाद, काळ अनिश्चित’ एवढ्या एका ओळीत केली आहे आणि किंमत जवळजवळ मोडीच्या भावाची लावली आहे.

ही तलवार ब्रिटिश लष्कराच्या 1897 च्या नमुन्याची, पायदळातील अधिकाऱ्याची आहे. परजेच्या, म्हणजे मुठीवर हात राखणाऱ्या कवचाच्या, पोलादी पत्र्यावरील जाळीत 1910 मध्ये गादीवर आलेल्या ब्रिटिश राजा पंचम जॉर्जची राजमुद्रा आहे, त्यामुळे ती 1910 पूर्वीची असू शकत नाही. पणजोबा 114व्या मराठा पलटणीत सुभेदार होते आणि ऑक्टोबर 1918 मध्ये मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) शरकतच्या लढाईत होते. त्यांच्या सेवामुक्तीच्या दाखल्याची प्रत मी तलवारीबरोबर आपल्याकडे दिली होती, तिचा अहवालात उल्लेखही नाही. पात्याच्या पाठीवर, मुठीच्या अगदी जवळ, विल्किन्सन या इंग्रज तलवार बनवणाऱ्या कंपनीचा अनुक्रमांक ठसठशीत दिसतो. या क्रमांकावरून कंपनीच्या जुन्या नोंदवह्यांत तलवार कोणत्या वर्षी बनली आणि पुष्कळदा कोणासाठी बनली हेही सापडते, हे लष्करी शस्त्रांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला मी सांगावे लागू नये. पण तो क्रमांक दिसण्यासाठी तलवार म्यानातून काढावी लागते. आपल्या अहवालातील सर्व छायाचित्रे म्यानातल्या तलवारीची आहेत आणि लांबीसुद्धा म्यानासकट मोजलेली आहे.

याविषयी आज मी विचारणा केली, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने आधी ‘मूळ बिल आहे का?’ असे विचारले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या तलवारीचे बिल कोणाच्या घरी असते, असे मी विचारल्यावर त्यांनी मला थांबायला सांगितले, बराच वेळ कोणाशी तरी बोलले आणि मग म्हणाले, ‘सर, अशा तलवारी लग्नात नवरदेवाला भाड्याने मिळतात, आम्ही तोच हिशेब धरलाय. थोडं बफिंग करून चकाचक करून आणा, भाव वाढेल.’ मी त्यांना पुन्हा बोलायला लावले, कारण माझा कानांवर विश्वास बसला नाही. त्यांनी तेच वाक्य शब्दशः पुन्हा सांगितले. ज्या माणसाने ही तलवार कमरेला लावून पलटणीबरोबर समुद्र ओलांडला, त्याच्या पणतवाला आपली संस्था हे ऐकवते. शिवाय तो सल्ला नुसता अपमानास्पद नाही, घातकही आहे. पात्यावरची आम्लाने कोरलेली नक्षी मुळातच उथळ असते. ती बफिंगच्या एका हातात पुसट होते, अनुक्रमांकाच्या कडा झिजतात आणि जाणकार खरेदीदार तिकडे पाठ फिरवतो. मी तो सल्ला मानला असता तर झालेले नुकसान आपण भरून दिले असते का?

तलवारीची किंमत तिच्या वजनावर नव्हे, तर ती कोणाची होती याच्या पुराव्यावर ठरते. 2025 मध्ये राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार सुमारे 47 लाख रुपयांना परत मिळवली. तिच्या पात्यावर त्यांचे नाव देवनागरीत कोरलेले आहे. आमची तलवार त्या तोलाची आहे असे मी म्हणत नाही. मात्र नाव, पलटण आणि क्रमांक हाती असताना ते न पाहणे हे काम न करता पैसे घेणे आहे.

ही तलवार आम्हाला विकायची नाही. वडिलांच्या पश्चात भावंडांच्या वाटणीत ती ज्याच्याकडे राहील त्याने इतरांना रक्कम द्यायची आहे, आणि आपल्या आकड्यामुळे मीच तो मुद्दाम कमी लावून घेतला, असा संशय घरात निर्माण झाला आहे. असे असूनही त्याच संभाषणात ‘दुबईला गिऱ्हाईक आहे, पाठवून देऊ’ असे सुचवले गेले. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवण्यास 1972 च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे, हे आपल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक नसेल तर तो वेगळ्या तक्रारीचा विषय आहे.

माझ्या वडिलांनी एकेकाळी आपल्याकडूनच जुन्या नाण्यांचे मूल्यांकन करून घेतले होते. त्या अहवालात प्रत्येक नाण्याचे वजन आणि टांकसाळ लिहिलेली होती. त्या भरवशावर मी आपल्याकडे आलो, म्हणून वाईट अधिक वाटते.

हा अहवाल लेखी मागे घ्यावा. तलवार म्यानातून काढून, क्रमांक व राजमुद्रा नोंदवून, लष्करी शस्त्रांच्या जाणकाराकडून नवे मूल्यांकन विनाशुल्क करून द्यावे किंवा संपूर्ण शुल्क परत करावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन, आणि म्यानातल्या तलवारीची आपली छायाचित्रे तिथे पुरावा म्हणून जोडीन.

आपला,
एक ग्राहक