पिल्लाच्या क्लासचे पैसे कुठे घालावेत?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडी ओसरू लागली की आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांत कुत्र्यांची नवी पिल्लं दिसतात. कुणी हौसेनं लॅब्राडोर विकत आणतं, कुणी जिन्याखाली जन्मलेलं देशी पिल्लू मुलांच्या हट्टापायी ठेवून घेतं. पंधरवड्यात चपला कुरतडल्या जातात, पाहुण्यांच्या अंगावर उड्या सुरू होतात आणि मग लोकांना विजेच्या खांबांवरच्या ‘डॉग ट्रेनिंग’च्या जाहिराती दिसू लागतात. माझी नोकरी पशुवैद्यकीय दवाखान्यात कम्पाउंडर म्हणून झाली. त्यामुळे चिटणीस की गोठ या आमच्या वस्तीतले लोक अजूनही विचारायला येतात, ‘काका, परवडेल असा कुठला क्लास?’ त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

पिल्लाला महिनाभर ट्रेनरकडे ठेवायला देऊ नका. हा सगळ्यात महागडा मार्ग आणि हाती लागतं सगळ्यात कमी. शेजारच्या एका घराला अलीकडेच यासाठी 18 हजार रुपये सांगितले गेले. तिथून पिल्लू शिकून येतं खरं, पण ते ट्रेनरचा आवाज आणि ट्रेनरचा हात ओळखतं. घरची आजी ‘बस’ म्हणाली तर त्याला त्यातलं काही कळत नाही. झाशी रस्त्यावर आपल्यापासून सुमारे 30 किलोमीटरवर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, 1970 पासूनचं. देशभरातल्या पोलिसांची कुत्री तिथे तयार होतात. तिथेही कुत्रा एकटा शिकत नाही, त्याला सांभाळणारा माणूस, म्हणजे हँडलर, त्याच्यासोबत शिकतो. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला जर आपला माणूस बरोबर लागतो, तर आपल्या दोन महिन्यांच्या पिल्लाला का लागू नये? म्हणून क्लास असा बघावा की जिथे पट्टा तुमच्या हातात देतात आणि चुकलात तर तुम्हाला सांगतात. घरातली लहान मुलं आणि म्हातारी माणसंही चालतील का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

दुसरी गोष्ट वयाची. ‘सहा महिन्यांचा झाला की आणा,’ असं अजून पुष्कळ ट्रेनर सांगतात. ही पद्धत चोक चेनच्या, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीच्या, काळातली आहे. गळ्याला झटका द्यायचा तर मान तेवढी भरलेली हवी, म्हणून सहा महिने थांबायचे. झटका द्यायचाच नसेल तर थांबायचं कशासाठी? पिल्लू नव्या माणसांना, आवाजांना सगळ्यात सहज सरावतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत. तो काळ घरात कोंडून घालवला तर पुढे वरातीचा बँड, हेल्मेट घातलेला माणूस, गल्लीतली गाय, सगळ्यांचीच त्याला धास्ती बसते, आणि घाबरलेलं कुत्रंच जास्त चावतं. दवाखान्यात मी हे फार बघितलं आहे.

लसी पूर्ण व्हायच्या आधी पिल्लाला बाहेर नेण्याची काळजी मात्र खरी आहे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या प्राणिवर्तनविषयक संघटनेनं 2008 मध्येच यातून वाट दाखवली आहे. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं असावं, जंताचं औषध झालेलं असावं, पहिली लस देऊन किमान सात दिवस उलटलेले असावेत, मग क्लास सुरू करायला हरकत नाही. पुढचे डोस अर्थातच वेळेवर द्यायचे आणि तीन महिन्यांला रेबीजची लस. जो क्लास लसीकरणाचं कार्ड मागत नाही, तिथे फुकटसुद्धा जाऊ नका. जागा धुता येईल अशा फरशीची हवी. भटकी कुत्री फिरतात ती बाग या वयात नको.

पैसे देण्याआधी एक तास नुसतं बसून बघू द्या, असं ट्रेनरला सांगा. चांगला माणूस नाही म्हणत नाही. मग विचारा, ‘पिल्लानं बरोबर केलं तर तुम्ही काय करता आणि चुकलं तर काय?’ पहिल्याचं उत्तर ‘लगेच खाऊ आणि शाबासकी’ असं हवं. ‘लगेच’ म्हणजे एक-दोन सेकंदांत, नाहीतर खाऊ कशासाठी मिळाला ते त्याला उमजत नाही. दुसऱ्याच्या उत्तरात झटका, फटका किंवा करंटचा पट्टा आला की उठा. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. फक्त आधी मिळणारी सूचना बंद होते. प्राण्याला मारहाण करणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. ट्रेनरचा बोर्ड लावायला कुणाला पदवी दाखवावी लागत नाही, त्यामुळे ही पारख आपल्यालाच करायची आहे. फौजेत कुत्री सांभाळली एवढ्यावरही भुलू नका. राखणीचा कुत्रा आणि घरातलं पिल्लू ही कामं वेगळी. आणि ‘देशी शिकत नाही’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार करा. टेकनपूरला रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड या देशी जातीही शिकतात आणि दलात काम करतात.

खाऊवर खर्च नको. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, पनीर, गाजर पुरे. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा मात्र विष समजा. घरचा सराव एका वेळी पाचच मिनिटं, पण दिवसातून तीन-चारदा. क्लास आठवड्यातून एकदा असला तरी भागतं ते यामुळेच.

आता खर्चाचा हिशोब. घरी येणारा ट्रेनर तासाचे 900 रुपये घेत असेल, तर सहा घरांनी मिळून तोच तास घेतल्यास प्रत्येकाला 150 पडतात. शिवाय पिल्लांना एकमेकांत वागायची सवय लागते, ती घरच्या शिकवणीत लागत नाही. अडचण फक्त जागेची आहे. नगर निगमाला आणि पशुवैद्यकीय विभागाला माझी विनंती आहे की रविवारी सकाळी एखाद्या पशु चिकित्सालयाचं धुतलेलं आवार तासभर उघडून द्यावं. कार्ड तपासायला तिथे डॉक्टर असले तर आणखी चांगलं. टेकनपूरला काम केलेले आणि मारहाणीशिवाय शिकवणारे कुणी निवृत्त हँडलर शहरात राहत असतील, तर त्यांनीही पुढे यावं. पिल्लांची कार्डं बघणं, फरशी फिनेलनं नव्हे तर ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवून घेणं, हे काम मी करीन. पार्व्हो फिनेलला जुमानत नाही. मार्च संपायच्या आत सुरू झालं तर बरं, कारण त्यानंतर ग्वाल्हेरात सकाळी आठलाच फरशीला पाय लावणं पिल्लांना कठीण होतं.

आपला,
एक निवृत्त कम्पाउंडर
चिटणीस की गोठ, लष्कर, ग्वाल्हेर