दोन्ही एकदम म्हणजे काय

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा, तुम्ही विचारलंत, "डिग्री आणि डी.एड. दोन्ही एकदम? मग दोन्ही अर्धं अर्धं तर नाही ना होत?" मी हसले आणि विषय आईच्या गुडघ्यावर नेला. रात्री मात्र झोप लागेना. आपल्या घरात 'अर्धं' हा शब्द माझ्याच नावावर आहे ना. बी.एस्सी. एस.वाय.ला सुटलं, लग्न झालं, इकडे आले, तेव्हापासून कुणी विचारलं की तुम्ही सांगता, "तिचं शिक्षण अर्धवट राहिलं, चूक आमची." २१ वर्षं ऐकतेय. म्हणून आज सविस्तर लिहिते. फोनवर अवघड बोलणं आलं की तुम्हाला आवाज येईनासा होतो.

इथली नेहमीची वाट अशी, की चार वर्षं बी.ए. आणि मग पाचवं वर्ष 'क्रेडेन्शियल'साठी. क्रेडेन्शियल म्हणजे शिकवायचा परवाना. तो कॅलिफोर्निया राज्य देतं, युनिव्हर्सिटी नुसती शिफारस करते. ही फारकत मुद्दाम केलेली. १९६१ पासूनच्या कायद्यांचं म्हणणं असं, की मास्तरांनी आधी एखादा धड विषय शिकावा. नुसत्या शिक्षणशास्त्राच्या पदवीवर परवाना नाही. प्राथमिकपुरती ती अट २०१७ मध्ये काढली. मी घेतली ती जोडवाट. पदवी 'लिबरल स्टडीज'ची, म्हणजे इतिहास, गणित, विज्ञान, भाषा, चित्रकला, सगळं थोडं थोडं, कारण प्राथमिकला एकच बाई सगळं शिकवते. आणि परवान्याचे विषय त्याच्याच पोटात बसवलेले. पहिल्या दोन वर्षांचा पोर्शन मी कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी केला, रडतखडत चार वर्षांत, कारण दिवसा शाळेत मदतनीस होते. (आई, तू समजतेस तशी अंगणवाडीतली मदतनीस नव्हे. पण नाकं पुसावी लागतात, एवढं खरं.)

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. थोडं अर्धं होतं, बाबा. विज्ञान पातळच झालं. सांगलीला दोन वर्षांत जेवढं केमिस्ट्री शिकले तेवढंही इथे नाही झालं. जिथे जोड बसली, तिथली मात्र एक गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी मंगळवारी-गुरुवारी कॉलेज आणि सोमवारी-बुधवारी तिसरीचा वर्ग असं चालायचं. एका मंगळवारी वाचलं, की मुलं साध्या आकड्यांची सवय अपूर्णांकांनाही लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पंजाबी घरातली पोरगी माझ्यासमोर ठामपणे उभी: एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा, कारण तिनापेक्षा चार मोठे. पुस्तकातली ओळच वेणी घालून आली होती. मी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या. एकीचे घडी घालून तीन सारखे भाग पाडायला सांगितले, दुसरीचे चार. तीन सारखे भाग पाडणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. तिने जीभ बाहेर काढून चार वेळा उलगडली, पुन्हा दुमडली. मग तुकडे एकावर एक ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जास्त जणांत वाटलं की कमी येतं." तिला चार भावंडं आहेत.

मग मला तुमची पावकी, निमकी, पाऊणकी आठवली. पाऊण म्हणजे पाव उणा, हे तुम्ही सांगितलं होतंत, ओट्यावर, भाकरी मोडून. वर्गात म्हटलं, माझ्या भाषेत तीन चतुर्थांशाला 'पाव कमी' म्हणतात. तिने पट्टीचा एक तुकडा मागे दुमडला आणि म्हणाली, "मग हे सोप्पंय." पाचव्या वर्षाची वाट धरली असती, तर ते वाचणं आणि ही पोरगी यांच्यात अख्खं वर्ष गेलं असतं आणि तोवर मी पान विसरले असते.

आणि तुमचं तरी कुठे एकामागोमाग एक नीट झालं? आधी डी.एड., मग वस्तीवरची दोन शिक्षकी शाळा, आणि बहिःस्थ बी.ए. झालं तेव्हा मी तिसरीत होते. त्याला कुणी अर्धवट म्हटलं नाही. आपण पेढे वाटले.

तुमच्या दिपोटींसारखं (शाळा तपासायला येणारे साहेब) राज्याच्या परीक्षेसाठी इथे कोणी वर्गात मागे येऊन बसत नाही. मुलांच्या घरून लेखी परवानगी घेऊन कॅमेरा लावायचा, शिकवायचं, आणि मी असं का केलं ते पानंच्या पानं लिहून पाठवायचं. तपासणाऱ्याला माझं तोंडही माहीत नसतं. वाचन कसं शिकवायचं याची वेगळी लेखी परीक्षा होती, ती २०२५ मध्ये बंद झाली; आता तेही वर्गात शिकवूनच दाखवायचं. आपली टाचणवही मात्र इथेही आहे: उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन. एक रकाना जास्तीचा, इंग्रजी घरात नसलेल्या मुलांसाठी काय करणार. तो भरताना मला कधी विचार करावा लागत नाही.

सराव पाठांचे किमान ६०० तास असतात, आणि माझे तरी बिनपगारी. त्यासाठी मदतनीसाची नोकरी सोडावी लागली. तुमच्या जावयांच्या पगारावर घर चाललंय. मे महिन्यात दोन्ही कागद हातात येतील. परवाना 'प्रिलिमिनरी', म्हणजे सुरुवातीचा, पाच वर्षांचा. नोकरी लागल्यावर दोन वर्षं अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली काढली की पक्का. तुम्ही लगेच "म्हणजे शिक्षणसेवकच की" म्हणाल. नाही, पगार पूर्ण असतो. मास्तरकी सोडून काहीही कर, असं तुम्ही खिचडीचे हिशेब आणि मतदारयाद्या घेऊन बसलात की म्हणायचात. बाकी सगळं करून झालं, बाबा. म्हणजे मुख्यतः पोळ्या करून झाल्या.

आई, आंब्याला मी पोचत नाही. मेअखेर शाळांचे इंटरव्ह्यू आहेत. १५ जूनला निघेन. इथे शाळा ऑगस्टमध्ये उघडते, तेव्हा महिनाभर नक्की आहे. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख त्या महिन्यातली घ्या, दादाला सुट्टी मागायला लागायला नको. इथले बेदाणे आणू का, एवढं सांग. द्राक्षं वेलींच्या ओळींमधे जमिनीवर कागद पसरून उन्हात वाळवतात, आपल्या तासगावसारखी शेडमध्ये जाळीवर नाही, म्हणून काळे पडतात. तुला आवडायचे नाहीत, पण शेजारी दाखवायला बरे.

बाबा, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमच्या टाचणवह्या असतील. तिसरीचं गणित सापडलं तर बाजूला काढून ठेवा. वाळवी लागलेली असली तरी चालेल. पेटी तुम्ही उतरवू नका, दादाला सांगा.

तुमची,
लेक