कोणाकडे दाखवायचं ते ठरवूया

ती. आई-बाबांस,
सा. न.

आईच्या पुढच्या तपासण्या कोणाकडे करायच्या, हा विषय फोनवर निघाला की बाबा 'मुंबईच' म्हणतात, आई 'बघू' म्हणते आणि बोलणं शेंगाचटणीवर येतं. म्हणून लिहायला बसले.

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून वर्ष होत आलं. आता उरली लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन कमी करणारी, रोजची गोळी आणि तपासण्या. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासायचं, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, दरवर्षी, दोन्ही बाजूंची. एवढ्यासाठी दर खेपेला सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्र काढायची, सकाळपासून नंबर लावून बसायचं आणि आत गेल्यावर आईने 'बरं आहे' म्हणून बाहेर यायचं?

आई, बरं नाहीये. सकाळी बोटं आखडतात म्हणून तू भाकरी थापायची सोडून लाटायला लागलीस, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. डॉक्टरांना तू सांगितलंच नाहीस. हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास आहे, त्यावर उपाय असतो, गोळी बदलूनही देतात. गोळीने हाडंही ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायची असते. पण कोणाला सांगितलं तर ना! आणि मनाने गोळी बंद करायची नाही.

बाबा, मोठ्या डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटणार नाही असं तुम्हाला वाटतं, ते कळतं मला. पण कॅनडात 968 बायकांवर हेच करून पाहिलं: सुरुवातीच्या टप्प्यातला आजार, काहींना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं, काहींना कॅन्सर सेंटरमध्येच ठेवलं. 2006 साली निष्कर्ष छापून आला. आजार उलटून होणाऱ्या गंभीर गोष्टींत दोन्हीकडे फरक नव्हता. मात्र तिथल्या फॅमिली डॉक्टरांना काय बघायचं याचा एक पानी कागद दिलेला होता. आपल्याला तो मागून घ्यावा लागेल.

आणि दर सहा महिन्यांनी पेट (PET) स्कॅन, म्हणजे अंगात कुठे कॅन्सर आहे का ते शोधणारा स्कॅन, हे डोक्यातून काढा. इटलीत काही बायकांचे नियमाने हाडांचे स्कॅन, लिव्हरची सोनोग्राफी, छातीचे एक्स-रे केले, बाकीच्यांचे फक्त गरज पडली तर. 1994 साली निकाल आला, आयुष्य कोणाचंच त्यामुळे वाढलं नव्हतं. त्रास काही नसताना स्कॅन कशाला? नवी गाठ, न थांबणारी हाडदुखी, दम लागणं, हटवादी खोकला किंवा डोकेदुखी, हात सुजणं, यातलं काही झालं तर मात्र तारखेची वाट न बघता गाठायचं.

मग आपले चौकातले डॉक्टर? माणूस भला, बीपी-शुगर त्यांच्याकडेच राहू दे. पण इतकी वर्षं तुला 'वहिनी' म्हणणाऱ्या माणसासमोर तू पदर बाजूला करणार नाहीस, हे तिघांनाही माहीत आहे. ते बिचारे नुसती नाडी बघून पाठवतील. म्हणून माझं मत ताईच्या बाळंतपणाच्या मॅडमकडे जातं. त्यांच्याशी तू मोकळी बोलतेस, आणि माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं. मधल्या तपासण्या त्यांनी करायच्या, मॅमोग्राफी सोलापुरातच, आणि वर्षातून एकदा मुंबई. मुंबईच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, अर्थात.

मावशी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलचं म्हणते. चुकीचं नाही. आपल्याच जिल्ह्यात आहे, एसटीने जाऊन दिवसात परत. मुंबईवाले 'जवळ कॅन्सरचा डॉक्टर हवाच' म्हणाले, तर पहिली चौकशी तिथे.

पुढच्या खेपेला मी येतेय. ऑपरेशन काय झालं, केमोची औषधं कोणती, रेडिएशन किती, गोळी किती वर्षं, हे सगळं एका कागदावर लिहून घेऊ. शंका आली तर पहिला फोन कोणाला, तेही त्यांच्याच तोंडून. नाहीतर मॅडम म्हणतील मुंबईला विचारा, मुंबई म्हणेल मॅडमना, आणि आई मधल्या मध्ये.

आई, तुला यातलं काही पटत नसेल तर स्पष्ट सांग. बाबांच्या मागून 'यांना विचार' चालणार नाही.

बाबा, बायॉप्सीचा रिपोर्ट लॅमिनेट करू नका, हात जोडते. दोन झेरॉक्स काढून ठेवा.

तुमची,
चिमी