मस्किगोच्या आधी कोश्कोनाँग

संपादक महोदय,

अमेरिकेतील नॉर्वेजियन स्थलांतराच्या द्विशताब्दीनिमित्त आपण छापलेल्या लेखात विस्कॉन्सिनमधील मस्किगोचे चर्च तिथले पहिले नॉर्वेजियन लुथेरन (मार्टिन लुथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचे) चर्च ठरवले आहे. बांधकाम मस्किगोला आधी, १८४३ मध्ये सुरू झाले हे खरे. पण ओकच्या ओंडक्यांची ती इमारत १३ मार्च १८४५ रोजी उपासनेसाठी अर्पण झाली. त्याच राज्यातील वेस्ट कोश्कोनाँगचे चर्च १९ डिसेंबर १८४४ रोजीच अर्पण झाले होते. मस्किगोची इमारत १९०४ मध्ये सेंट पॉलच्या लुथर सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, हलवली गेली आणि तिथे जपली गेली; त्यामुळे तिचेच नाव लोकांच्या तोंडी राहिले असावे.

त्याहून जास्त खटकले ते मंडळ्यांमधील, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांमधील, फुटीला ‘क्षुल्लक भांडणे’ म्हणणे. नॉर्वेत चर्च सरकारी होते, पाळकही सरकारच नेमी. अमेरिकेत मंडळीत कोण आणि कोण नाही, इथपासूनच सुरुवात करावी लागली. त्यातच वस्त्यांमधून मॉर्मन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा दुसऱ्या पंथांचे प्रचारक फिरत होते. म्हणून ऑक्टोबर १८४४ मध्ये पाळक डीट्रिकसन यांनी कोश्कोनाँगला प्रत्येकापुढे चार प्रश्न ठेवले. इथल्या नॉर्वेजियन लुथेरन मंडळीचा सभासद व्हायचे आहे का? नॉर्वेच्या चर्चची उपासनाविधीची शिस्त मान्य आहे का? रीतसर दीक्षा झालेल्या पाळकाशिवाय दुसऱ्याला बोलावणार नाही आणि त्याच्या अधिकारात त्याचे ऐकाल, असे वचन देता का? आणि या अटींवर सही करता का, किंवा आपले नाव दुसऱ्याकडून लिहवून घेता का? आमच्या मते त्या मंडळीचा खरा पाया या चौथ्या प्रश्नात आहे. पाळकाला बोलावणारे आणि पोसणारे सभासदच. मग मतभेद झाला की निर्णयही त्यांच्याच हाती.

१८८० च्या दशकात नेमके तेच घडले. वादाचा प्रश्न असा होता: देव माणसाला निवडतो ते विश्वास देण्यासाठी, की त्याचा विश्वास आधीच जाणून? नॉर्वेजियन सिनडचे (सिनड म्हणजे अनेक मंडळ्यांचा संघ) बरेच पाळक सेंट लुइसला जर्मन मिसुरी सिनडकडे शिकलेले. ते पहिल्या बाजूचे. दुसरे उत्तर बिशप पाँटोपिडानच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरावलीत होते, आणि ती तर दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीसाठी, शेतकऱ्यांच्या मुलांनी पाठ केलेली. लहानपणी पाठ केलेले आता चूक कसे, असे शेतकरी विचारू लागले, ते यामुळेच. १८८७ पर्यंत सिनडचा सुमारे एक तृतीयांश भाग बाहेर पडला. काही गावांत त्याच पंथाचे दुसरे चर्च उभे राहिले, दफनभूमीसुद्धा वेगळी झाली.

हा तिढा दोन्ही बाजूंमधील १९१२ च्या मॅडिसन करारात सुटला, तोही दोन्ही मांडण्या ग्राह्य धरून. त्यातून १९१७ मध्ये फुटलेल्या गटांचे एकत्रीकरण झाले. तरीही काही मंडळ्यांना हा करार अमान्य होता. त्यांनी १९१८ मध्ये आपला वेगळा सिनड काढला आणि तो आजही चालू आहे.

— चर्च-इतिहासाचे काही अभ्यासक, पुणे