नाव घेऊन निरोप द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, सध्या जपानमध्ये साइतामा भागातल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये असिस्टंट इंग्लिश टीचर आहे. १९८७ पासून जपान सरकार परदेशातून असे असिस्टंट बोलवतं, आता तर शहरंसुद्धा आपापले नेमतात, काँट्रॅक्ट वर्षावर्षाचं. जपानी शिक्षकांच्या जोडीने वर्गात उभं राहायचं, पोरांना बोलतं करायचं, हे आमचं काम. इथे शाळेचं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे मार्चमध्ये नववीची पोरं शाळा सोडतात, सक्तीचं शिक्षण तिथेच संपतं. यंदाचा निरोप बघून मला आपल्याकडच्या शाळांना काहीतरी सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

कार्यक्रम जिममध्ये, म्हणजे शाळेच्या खेळांच्या हॉलमध्ये असतो, मार्च असला तरी आत गारठा असतो, लाल-पांढरे पडदे लावलेले, आईवडील काळ्या सुटात, काही आया किमोनोमध्ये. पाहुण्यांची भाषणं होतातच, पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावांना. वर्गशिक्षक एकेका मुलाचं पूर्ण नाव मोठ्याने घेतात, मूल "हाय!" म्हणजे "हजर" म्हणून उठतं, स्टेजवर जातं, मुख्याध्यापकांसमोर वाकतं आणि दोन्ही हातांनी सर्टिफिकेट घेतं. कुठला हात आधी पुढे करायचा याचीसुद्धा आधी प्रॅक्टिस होते. जपानी नावातलं एकच अक्षर दोन-तीन प्रकारे वाचता येतं, त्यामुळे चुकू नये म्हणून वर्गशिक्षक आदल्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये यादी पुन्हा पुन्हा पुटपुटत बसलेले मी पाहिलेत. पहिला आलेला आणि शेवटच्या बाकावरचा, दोघांना सारखाच वेळ. हे मला फार फार आवडतं.

नंतर पोरं आल्बम घेऊन कॉरिडॉरमध्ये धावत येतात, शेवटची कोरी पानं शिक्षकांनी आणि मित्रांनी लिहायला ठेवलेली असतात. माझ्याकडे येऊन सांगतात, आमचं नाव तुमच्या लिपीत लिहून द्या. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा तर आल्बम पुढे करून नुसताच उभा राहिला, मी देवनागरीत नाव लिहिलं, त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि इंग्लिशमध्ये अख्खं वाक्य बोलला, हायस्कूलमध्ये पण मी इंग्लिश बोलेन म्हणून. माझ्या घशात आवंढाच आला.

पण खरं सांगायचंय ते दुपारचं. एक मुलगी बरेच महिने वर्गात बसली नव्हती. अशी मुलं इथे बरीच आहेत, शाळेचं नाव काढलं की पोटात गोळा येतो त्यांच्या. ही कधीमधी यायची ती नर्सबाईंच्या खोलीत बसायची, माझा तास मोकळा असला की मी तिकडे जायचे आणि आम्ही इंग्लिशमधून पत्ते खेळायचो. सकाळी जिममध्ये तिचं नाव घेतलं गेलं, ती नव्हती, तरी घेतलं. दुपारी शाळा रिकामी झाल्यावर ती आईबरोबर आली, युनिफॉर्म घालून. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे शिक्षक भिंतीला लागून उभे राहिलो, वर्गशिक्षकांनी पुन्हा नाव घेतलं, ती "हाय" म्हणाली अगदी बारीक आवाजात, आणि मुख्याध्यापकांनी सर्टिफिकेटवरचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सकाळी तो फक्त पहिल्या मुलासाठी पूर्ण वाचला होता, बाकीच्यांना नुसतं नाव. तिची आई रडत होती, आम्ही टाळ्या वाजवल्या. जाताना माझ्याजवळ थांबून पत्त्यांचा डाव संपल्यावर म्हणायची तसंच "सी यू" म्हणाली.

जपानमध्ये सगळं छानच आहे असं माझं म्हणणं नाही, परीक्षेचं टेन्शन इथेही भयंकर आहे आणि शाळेत न येणारी एवढी मुलं आहेत यातच काय ते आलं. पण निरोप मात्र ते प्रत्येकाला देतात. आपल्याकडे दहावीचा निरोप समारंभ परीक्षेआधी होतो, त्यात पाहुणे, दोन-चार हुशार मुलांची मनोगतं, फोटो, नाश्ता, आणि पन्नास-साठच्या वर्गातल्या बाकीच्यांचं नावसुद्धा कोणी घेत नाही. नंतर मार्कशीट मिळते ती ऑफिसच्या खिडकीत सही करून.

माझी शाळांना आणि मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे की मार्कशीट वाटायच्या दिवशी तासभर काढा, मुलांना वर्गात बसवा आणि वर्गशिक्षकांनी एकेकाचं नाव घेऊन ती हातात द्यावी. नापास झालेल्यांनाही बोलवा, त्यांना फोन करून बोलवा. याला ना जीआर लागतो ना खर्च, येत्या निकालापासून सुरू करता येईल.

आपली,
एक वाचक, साइतामा, जपान