'वय झालं' म्हणून किती इंजेक्शनं टोचायची?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात आरोग्याचं पान येते, पण खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचं सगळं अंग काहून दुखते यावर कधी काही दिसलं नाही, म्हणून लिहून राहिलो.

आमची माय 71 वर्षांची. जन्मभर निंदण केलं, कापूस वेचला. दोन वर्षांआधी पडली तेव्हापासून घराबाहेर निघतच नव्हती. मागच्या उन्हाळ्यापासून कंबर, मांड्या, बरगड्या सगळंच ठणकायला लागलं, बोट ठेवून एक जागा दाखवता येईना. खालून उठायचं तर आधी खांब धरायचा, मग गुडघ्यावर हात, मग "अवं माय वं" म्हणत उभी, अन् चालताना बदकासारखी डोलायची. गावात येणारे डॉक्टर इंजेक्शन द्यायचे, गोळ्यांची पुडी द्यायचे, "आजी, वय झालं आता". दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असे सहा महिने गेले, वरून पोटात आग.

मग जिल्ह्याला नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी मायच्या नडगीवर अंगठ्याने दाबलं तर माय ओरडलीच. दुखणं सांध्याचं नव्हतं, हाडाचं होतं. रक्तात व्हिटॅमिन डी एकदम कमी, कॅल्शियमही कमी, हाडं मऊ पडलेली. मला तर हसूच आलं, आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जाते अन् डी कमी? बाई म्हणाल्या ऊन बाहेर आहे ना, आजी तर घरात, अंगभर लुगडं, अन् म्हातारी कातडी डी कमीच बनवते. 60,000 युनिटची पावडर आठवड्यातून एकदा आठ आठवडे, सोबत कॅल्शियम. तीन महिन्यांत माय हापशीवर जायला लागली.

सगळ्यांचं डीच कमी असते असं नाही. थायरॉईड मंद झाला तरी अंग दुखते, सुस्ती येते, थंडी वाजते. हार्टच्या पेशंटला कोलेस्टेरॉलची गोळी असते, तिनंही कोणाकोणाचे स्नायू दुखतात, पण स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरला सांगा. 2006 ला चिकनगुनिया आला होता तेव्हा किती लोकं महिनोनमहिने सांधे धरून बसले, ते आठवत असेलच. सकाळी तासभर खांदे अन् मांड्या आखडत असतील तर ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) करा, अन् त्यात डोकं दुखून नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, डोळा जाऊ शकते. वजन घटणं, रक्त कमी होणं, रात्री हाड दुखणं हेही अंगावर काढू नका.

अन् आमच्या यवतमाळ-चंद्रपूरकडचं पाणी! कितीतरी गावांच्या बोअरला फ्लोराईड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं अन् पाठीचा कणा कडक होते. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटलं की वाढते, हे गावात कोणाला माहीतच नाही.

गावात शिबीर लागलं की बीपी-शुगर बघतात अन् पेन किलर वाटतात. त्याच रांगेत टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), कॅल्शियम, ईएसआर अन् बोअरच्या पाण्याची तपासणी का नाही होत, हे तुम्ही आरोग्य खात्याला विचाराल का? माय आता दहा वाजता अंगणात खाट टाकून बसते, शेजारच्या काकांची मात्र अजून इंजेक्शनंच चालू आहेत.

एक वाचक,
केळापूर तालुका, जि. यवतमाळ